विजेचा भार आणि मुळशीचे पाणी

श्रोतेहो, विजेचे बिल घरात आले की आपली नजर आधी कुठे जाते? शेवटच्या आकड्यावर. किती रुपये झाले ते पाहायचे, थोडी कुरकुर करायची आणि बिल खुंटीला अडकवून ठेवायचे, हा आपला परिपाठ. पण त्याच कागदावर वरच्या बाजूला दोन शब्द छापलेले असतात, ‘मंजूर भार’. त्यांच्याकडे क्वचितच कुणी पाहतो. हा भार कसला, तो कुणी मोजला, कसा मोजला आणि मुख्य म्हणजे तो अखेर कुणाच्या डोक्यावर पडतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी इतिहासाचा अध्यापक. तारा जोडण्याचे काम माझे नव्हे, ते परवाना असलेल्या वायरमनचे. परंतु घरातल्या विजेच्या या साध्या हिशेबाला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी खोऱ्यात लिहिले गेले आहे. म्हणून हे धाडस करतो.

आधी हिशेब पाहू. विजेला आपण पाण्याची उपमा देतो. टाकी उंच असेल तर नळाला जोर जास्त. तसा तारेतील विजेलाही जोर असतो. त्याला दाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्याकडे घरगुती दाब सामान्यतः 230 व्होल्ट धरतात. नळातून किती पाणी वाहते, तसा तारेतून किती प्रवाह वाहतो हे अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने गुणले की मिळतात वॉट. दिवा, पंखा, इस्त्री या प्रत्येकावर वॉटचा आकडा छापलेला असतो. घरातल्या सगळ्या वस्तूंच्या वॉटची बेरीज म्हणजे त्या घराचा जोडलेला भार. एक हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झाले.

आता खेड्यातले एक मध्यम घर घ्या. नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे, म्हणजे 45 वॉट. पंच्याहत्तर वॉटचे दोन पंखे, 150. दूरदर्शन संच 100. फ्रिज 200. मिक्सर 500. इस्त्री 1000. विहिरीवरचे किंवा टाकीचे पाणी चढवणारा लहान पंप, सुमारे 500. बेरीज करा. 2495 वॉट होतात. आपण अडीच हजार म्हणू. त्याला 230 ने भागले की सुमारे 11 अँपिअर येतात. म्हणजे सगळी बटणे एकदम दाबली तर घराच्या मुख्य तारेतून 11 अँपिअर प्रवाह वाहील. शिक्षकबंधूंनो, सहावी-सातवीच्या मुलांना जमेल एवढाच हा गुणाकार-भागाकार आहे. पण तो न केल्यामुळे घरे जळतात.

कशी जळतात ते सांगतो. प्रवाह वाहिला की तार तापते. जेम्स जूल नावाच्या इंग्रज संशोधकाने 1841 साली दाखवून दिले की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. आता आपल्या त्या अडीच हजार वॉटच्या घरात मुलाने हौसेने दोन हजार वॉटचा पाणी तापवण्याचा गीझर आणून बसवला. भार साडेचार हजारांवर गेला, प्रवाह 11 वरून जवळजवळ 20 अँपिअरवर. प्रवाह काही दुप्पट झाला नाही. पण सगळे एकदम चालले तर तारेतली उष्णता मात्र तिपटीहून जास्त झाली. बाहेरून तार तशीच दिसते. आत वेष्टण हळूहळू करपत असते आणि एखाद्या रात्री ठिणगी पडते.

खेड्यातल्या कित्येक घरांची गोष्ट याहून बिकट आहे. 1988-89 साली केंद्र सरकारने ‘कुटीर ज्योती’ नावाची योजना काढली. गरिबाच्या घरात एक तरी विजेचा दिवा लागावा हा तिचा हेतू, आणि हेतू चांगलाच होता. घरात एक तार आली, एक दिवा लागला. साठ वॉटचा दिवा म्हटला तर प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास. मग दिवस पालटले. त्याच तारेला फाटा फोडून पंखा आला, पंख्यामागून दूरदर्शन, मग मिक्सर आणि इस्त्री. दर वेळी कुणीतरी हुशार पोराने तारेला तार पिळून चिकटपट्टी गुंडाळली. एका दिव्याच्या घराचा भार अडीच हजार वॉटवर गेला म्हणजे प्रवाह चाळीसपटींहून जास्त झाला आणि जूलच्या नियमाने उष्णता सोळाशेपटींच्याही पुढे गेली. पहिली तार एका दिव्याला पुरून उरेल एवढी जाड असते हे खरे, पण त्या उरण्यालाही काही सीमा आहे की नाही?

म्हणूनच एका तारेवर सगळे घर लादायचे नाही, तर घराचे वेगवेगळे फेरे पाडायचे, अशी रीत पडली. आपल्या देशातील मानकांप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका फेऱ्यावर दहापेक्षा जास्त ठिकाणे आणि 800 वॉटपेक्षा जास्त भार घालू नये. इस्त्री, गीझर, पंप यांसारख्या जड वस्तूंचे फेरे वेगळे असावेत. अशा एका फेऱ्यावर दोनच ठिकाणे आणि भार 3000 वॉटपर्यंत. आपल्या नमुन्याच्या घरात दिवे, पंखे आणि दूरदर्शन मिळून 295 वॉट होतात. ते एका फेऱ्यावर सहज बसतात. फ्रिज, मिक्सर, इस्त्री आणि पंप यांना जड भाराचे दोन फेरे लागतील. दिव्यांच्या फेऱ्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जड फेऱ्याला अडीचची, आणि मोठ्या गीझरसारख्या वस्तूला चारची, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. प्रत्येक फेऱ्याच्या तोंडाशी फ्यूज किंवा आपोआप पडणारा खटका बसवायचा. घरोघरच्या पत्रकाबरहुकूम नेमके काय घालायचे ते वायरमनने ठरवावे. पण भाराची यादी करणे हे घरमालकाचे काम आहे.

फ्यूजविषयी एक शब्द. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार कोंबणारे महाभाग आपल्याला गावोगाव भेटतात. फ्यूज हा घराचा राखणदार आहे. कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधून ठेवले तर चोराची सोय होते, घरमालकाची नव्हे.

आता हा हिशेब आला कुठून ते पाहू. 4 सप्टेंबर 1882 रोजी थॉमस एडिसनने अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे वीजघर सुरू केले आणि आसपासच्या इमारतींत दिवे पेटले. तोवर रॉकेल आणि गॅसवर जगणाऱ्या लोकांना वीज विकायची म्हणजे मोजून द्यावी लागणार. एडिसनचे पहिले मीटर मोठे मजेदार होते. एका बरणीत जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वापरली की एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या अखेरीस कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या तराजूत घालून वजन करी आणि त्यावरून बिल निघे. आपल्या वाण्याकडच्या तराजूसारखाच प्रकार! तारा तापून आग लागू नये म्हणून त्या मंडळींनी वाटेत वितळणारी तार घातली. आपल्या फ्यूजची ती पूर्वज.

परंतु किती युनिटे जळली एवढे मोजून भागत नाही, ती केव्हा जळली हेही पाहावे लागते, असे थोड्याच वर्षांत ध्यानात आले. इंग्लंडमध्ये जॉन हॉप्किन्सन या अभियंत्याने 1892 साली हे नीट मांडले. गावच्या जत्रेचा दाखला घ्या. वर्षातून एक दिवस हजार माणसांचे जेवण असते. त्या एका दिवसासाठी गावाला मोठाले हंडे, पातेली, परात घेऊन ठेवाव्या लागतात. बाकीचे दिवस ती भांडी देवळाच्या कोठीत पडून असतात, पण त्यांचा पैसा तर गुंतलेलाच असतो. वीजघराचे तसेच आहे. संध्याकाळी सगळी घरे एकाच वेळी दिवे लावतात. त्या घटकेला पुरेल एवढे यंत्र उभे करावे लागते, मग ते दिवसभर रिकामे का असेना. म्हणून ग्राहकाने वापरलेल्या विजेचे पैसे तर द्यावेतच, पण त्याच्यासाठी यंत्र सज्ज ठेवण्याचेही द्यावेत, असे हॉप्किन्सनने सांगितले. आपल्या बिलावर ‘स्थिर आकार’ म्हणून जी रक्कम असते, तिच्यामागे हाच विचार आहे.

किती भार आणि केव्हा भार, हे दोन प्रश्न घेऊन आता मुंबईला येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवून त्यावर वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. 1904 साली ते वारले. त्यांच्या मागून 1910 साली कंपनी स्थापन झाली, आणि 1915 मध्ये लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर चालू झाले. गिरणी हे वीजघराला आवडणारे गिऱ्हाईक. तिचा भार सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. जत्रेसारखा एका दिवसाचा नव्हे. हिशेब इतका चांगला जुळला की वीज अपुरी पडू लागली. 1922 साली भिवपुरीचे दुसरे वीजघर आले. मुंबईची भूक वाढतच होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजी विजेवर धावणारी पहिली आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, यावरून काळाचा वेग ध्यानात यावा. तिसऱ्या वीजघरासाठी कंपनीने जागा हेरली ती मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाची, मुळशीची.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर मुळशीसारखी जागा शोधून सापडायची नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा तुटलेला आणि खाली कोकण. माथ्यावर पाणी अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून ते कड्याखाली भिरा गावी सोडायचे, की सुमारे पाचशे मीटरची उडी मिळते. मुळेचे पाणी निसर्गक्रमाने पूर्वेला जाते. पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. धरणाने त्यातील बराच भाग पश्चिमेला वळवला. भिऱ्याच्या चक्रांवरून तो कुंडलिका नदीत उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. नदीचे तोंड फिरवले म्हणा ना!

ही पाचशे मीटरची उडी आपल्या घरच्या हिशेबाला कशी जोडता येते ते पाहा. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. ते पाचशे मीटर खाली आले तर त्यातून गणिताने 1.36 युनिट वीज निघायला हवी. यंत्रांतली झीज, घर्षण आणि तारांतली गळती वजा केली की ढोबळमानाने एक युनिट उरते. म्हणजे एक युनिट वीज आणि एक हजार लिटर पाणी, असे सोपे समीकरण भिऱ्याच्या विजेपुरते धरता येईल. साठ वॉटचा जुना दिवा संध्याकाळी पाच तास जळला तर तीनशे वॉट-तास झाले; म्हणजे तीनशे लिटर पाणी. हंडा वीस लिटरचा धरला तर पंधरा हंडे! आमच्या आयाबहिणींनी डोक्यावरून वाहायचे ठरवले तर पंधरा खेपा. त्याच जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला तर पंचेचाळीस लिटर, म्हणजे सव्वादोन हंडे. अर्धा तास इस्त्री फिरवली तर पंचवीस हंडे. आज आपल्या घरी येणारी वीज कोळसा, पाणी, अणू, वारा, ऊन अशा अनेक ठिकाणांहून एकत्र होऊन येते, तेव्हा तुमच्या घरातला अमुक दिवा मुळशीच्याच पाण्यावर जळतो असे म्हणता येणार नाही. पण मुलांना ‘वॉट’ समजावून सांगायला हंड्याइतके चांगले माप मला दुसरे सुचत नाही.

ही झाली अभियंत्याची वही. तिच्यात पाऊस होता, उंची होती, चक्रांची ताकद होती, गिरण्यांची मागणी होती. जमीन ‘संपादन’ करण्याची रक्कमही होती. आता त्याच जमिनीवर राहणाऱ्या माणसाची वही उघडू.

मुळशी पेट्यात सुमारे पन्नास गावांच्या जमिनी या पाण्याखाली जाणार होत्या. हजारो माणसे तिथे राहत होती. भाताची खाचरे, उतारावरची नाचणी आणि वरई, गुरांची कुरणे, रानातला हिरडा, नदीकाठची देवळे, असा त्यांचा संसार. त्यांत साध्या कष्टकरी मावळ्यांचाच भरणा होता. शिवाजी महाराजांच्या वेळेपासून या खोऱ्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. सरकारने 1894 च्या जमीन संपादन कायद्याचा आधार घेऊन कंपनीसाठी जमिनी घेण्याचे ठरवले. मोबदला पैशांत मिळणार होता. पण इथे एक मेख होती. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण पडलेल्या होत्या. मोबदल्याचा पैसा सावकाराला चालण्यासारखा होता. कसणाऱ्याच्या हाती त्यातून काय उरणार? खाचर दर वर्षी भात देते. रोकड एकदाच येते आणि हातातून निसटते. ज्याला नांगराखेरीज दुसरा धंदा ठाऊक नाही, त्याला नोटांचे पुडके देऊन ‘जा’ म्हणणे हा कसला हिशेब?

म्हणून मावळे उठले. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. शेकडो माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली आणि काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्यातले प्रमुख कार्यकर्ते. पुण्याहून नरसिंह चिंतामण केळकरांसारखे पुढारी पाठीशी आले. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी या सत्याग्रहापायी तुरुंगवास भोगला. गांधीजींनी एप्रिल 1921 मध्येच ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिले. टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. काही महिने काम थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रही जमले. मार खाल्ला, तुरुंग भरले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. मोठ्या धरणाविरुद्ध संघटितपणे उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी पहिल्या आंदोलनांत आज अभ्यासक मुळशीची गणना करतात.

लढा जिंकला मात्र गेला नाही. जमीनमालकांचा ओढा हळूहळू जास्त मोबदला पदरात पाडून घेण्याकडे वळला. राजकारणाचे वारे दुसरीकडे वाहू लागले. एकेक कुटुंब रक्कम घेऊन उठले. डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी अगदी शेवटचा उपाय म्हणून बांधकामाच्या मजुरांची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना या मुळशीनेच दिली. 1927 साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले आणि मुंबईला आणखी वीज मिळू लागली.

आता दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. इतिहासाच्या अध्यापकाने वकिली करू नये. मुंबईतल्या गिरण्यांत काम करणारे कोण होते? त्यांतले पुष्कळसे कोकणातले, घाटावरचे, आपलेच भाऊबंद. कोळशाचा धूर कमी झाला तो त्यांच्याही फुप्फुसांतला. पाण्याची वीज स्वस्त होती. एकदा धरण बांधले की दर वर्षी पाऊस नव्याने तलाव भरतो. शिवाय जलविद्युत यंत्र काही मिनिटांत चालू किंवा बंद करता येते, त्यामुळे संध्याकाळी भार एकदम वाढतो तेव्हा त्याचा मोठा आधार असतो. म्हणजे वीज करणे वाईट होते असे मुळीच नाही. चूक हिशेबात होती. वहीत जो रकाना असायला हवा होता, तो आखलाच नव्हता. ज्याच्या जमिनीवर हा भार ठेवायचा त्याला तो पेलेल काय, आणि त्याचे पुढे काय, हा तो रकाना. घरच्या तारेचे उदाहरण पुन्हा आठवा. तार किती सोसेल हे न विचारता तिच्यावर ओझे टाकत गेलो तर दोष इस्त्रीचा नसतो. बेरीज करणाऱ्याने तार विचारात घेतली नाही, हा दोष.

आणि उजेड? ज्या खोऱ्याच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, त्या खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवर विजेची तार यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. उंच मनोऱ्यांवरून वीज कोकणातून मुंबईला जात होती, आणि वर मावळात चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात पोरे धडा वाचत होती. स्वातंत्र्यानंतर 1948 चा वीजपुरवठा कायदा आला. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेड्यांचे विद्युतीकरण हे सरकारचे काम ठरले. 2005 साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरणाची वेगळी कंपनी झाली. पण त्याच सुमारास वीज अपुरी पडू लागली आणि आपल्या भाषेत एक नवा शब्द घरोघर पोहोचला, ‘भारनियमन’. खेड्यात कित्येक तास वीज बंद. शेतकरी रात्री-अपरात्री उठून पंप चालू करायला शेतावर जाई. मुंबई शहर मात्र त्यातून बहुतांशी सुटले. भार सारखा वाटला जातो असे आपण समजतो. तो तसा आपोआप वाटला जात नाही, वाटावा लागतो, हे त्या दिवसांनी शिकवले.

मग मुळशीचे मावळे हरले ते हरलेच काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी जो रकाना मागितला तो कायद्याच्या वहीत आखला गेला, पण सावकाश. कोयनेसारखी मोठी धरणे स्वातंत्र्यानंतर झाली आणि पुनर्वसनाचे दुःख पुन्हा पुन्हा समोर आले. 1976 साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. नुसती रोकड नव्हे, तर प्रकल्पाचा लाभ मिळणाऱ्या भागात पर्यायी जमीन, हे तत्त्व त्यात आले. पुढे तो कायदा दोनदा नव्याने केला गेला. 2013 साली संसदेने नवा भूसंपादन कायदा मंजूर केला. तो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला आणि 1894 चा जुना कायदा गेला. जमीन घेण्यापूर्वी तिथल्या समाजावर काय परिणाम होईल त्याची पाहणी करण्याची तरतूद या नव्या कायद्यात आहे. कायदा झाला म्हणजे सगळे नीट पार पडते असे नाही, हे आपण जाणतो. तरीपण 1921 साली धरणाच्या दगडांवर उन्हात बसून मावळ्यांनी विचारलेला प्रश्न नव्वद वर्षांनी का होईना, कायद्याच्या कलमात आला. हरलेल्या लढ्याचेही असे काही उरत असते.

पाण्याचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की पश्चिमेला वळवलेल्या पाण्याची आठवण होते. वीज आता ऊन-वाऱ्यावरही होते, मग हे पाणी शेतीला आणि पिण्याला का देऊ नये, असे लोक विचारतात. यावर तज्ज्ञांनी बोलावे. आपल्याला एवढे सांगता येईल की हाही भाराचाच हिशेब आहे, आणि त्याचेही सगळे रकाने भरून मगच बेरीज करावी.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. पुढच्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या मुलांना घरच्या विजेच्या वस्तूंची यादी करून आणायला सांगा. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात तिचे वॉट, तिसऱ्यात ती दिवसाला किती तास चालते, चौथ्यात किती युनिटे झाली. पाचव्या रकान्यात तितक्या विजेला मुळशीच्या मापाने किती हंडे पाणी लागेल ते लिहू द्या. घरच्या एकूण वॉटला 230 ने भागून किती अँपिअर होतात ते काढू द्या. तो आकडा मुलांनी वडिलांना दाखवावा आणि आपल्या तारा, फ्यूज आणि अर्थिंग एवढ्याला पुरेसे आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यायला सांगावे. एखाद्या घरची आग यातून टळली तरी त्या तासाचे चीज झाले.

आणि वर्गात वेळ उरला तर नकाशावर मुळशी दाखवा. मुळा-निळेचा संगम, ताम्हिणीचा घाट, कड्याखालचे भिरा, आणि तिथून मुंबईकडे जाणारी रेघ. मुलांना त्या पन्नास गावांची गोष्ट सांगा. बटण दाबले की दिवा लागतो हे त्यांना ठाऊकच आहे. तो लागावा म्हणून कुणीतरी आपले शेत दिले, मनाविरुद्ध दिले, हेही त्यांना ठाऊक असू द्या.